साउंड ब्लास्टरवर एकाच वेळी आठ आवाज: मोफत मिक्सिंग लायब्ररी ठेवावी की स्वतः लिहावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण टर्बो सी++ ३.० मध्ये डॉससाठी एक छोटा खेळ लिहीत आहात आणि तो जुन्या ४८६ प्रोसेसरच्या यंत्रावर तसेच डॉसबॉक्समध्येही (आजच्या संगणकावर डॉसचे प्रोग्राम चालवणारे सॉफ्टवेअर) चालावा अशी आपली इच्छा आहे. साउंड ब्लास्टर कार्डावर एक आवाज नीट वाजत होता, पण दुसरा सुरू केला की पहिला तुटत असे. म्हणून आपण सोर्ससह मिळणारी एक मोफत मिक्सिंग लायब्ररी, म्हणजे अनेक आवाज मिसळून देणारा तयार कोड, घेतली. आता आठ आवाज एकत्र वाजतात, परंतु स्फोटांच्या प्रसंगी आवाज फाटतो आणि कधी कधी खेळातून बाहेर पडल्यावर यंत्र गोठते. अशा स्थितीत लायब्ररी ठेवावी की बाजूला सारून स्वतःची लिहावी, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे की लायब्ररी ठेवा, पण तिचा सोर्स ओळ न ओळ वाचा. आवाज मिसळणे ही शेवटी बेरीज आहे आणि ती सी भाषेच्या दहा ओळींत होते. अशा लायब्ररीचे खरे मोल त्या बेरजेभोवती केलेल्या बंदोबस्तात असते: इंटरप्ट (प्रोसेसरला हातचे काम थांबवायला लावणारा कार्डाचा इशारा) वेळेत हाताळणे, बफर (आवाजाचे आकडे तात्पुरते ठेवण्याची जागा) मेमरीत योग्य जागी बसवणे, आणि बाहेर पडताना यंत्र होते तसे करून देणे. आपल्या दोन तक्रारींपैकी आवाज फाटणे हा बहुतेक वेळा खेळ लिहिणाऱ्याने घ्यायच्या निर्णयाचा भाग असतो, तर यंत्र गोठणे ही बंदोबस्तातली उणीव असते. दोन्हींवर उपाय आहेत आणि दोन्हींसाठी मिक्सिंगचा गाभा पुन्हा लिहिण्याची गरज नाही.

पीसीवर हे काम सॉफ्टवेअरच्या गळ्यात का पडले, हे आधी सांगतो. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये एक छोटा स्पीकर होता आणि तो टायमर चिपच्या एका चॅनेलवर चालत असे. १९८७ मध्ये आलेल्या अ‍ॅडलिब कार्डावरची यामाहाची एफएम चिप नऊ सूर एकत्र काढू शकत असे, पण ते सूर चिप स्वतः घडवत असे. ध्वनिमुद्रित केलेला बंदुकीचा बार तिच्याकडून सरळ वाजवून घेता येत नसे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये साउंड ब्लास्टर आणले, त्यात अ‍ॅडलिबची एफएम चिप होतीच, शिवाय ध्वनिमुद्रित आवाजासाठी डिजिटल-टू-अ‍ॅनलॉग कन्व्हर्टर होता. मात्र तो एकच होता. कार्डाला आकड्यांची एकच रांग द्यायची आणि ते तीच वाजवणार. अमिगा संगणकात पॉला नावाची चिप चार आवाज स्वतंत्रपणे हार्डवेअरमध्येच सांभाळत असे, आणि १९९२ च्या ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड कार्डात तर ३२ आवाज कार्डच मिसळत असे. साउंड ब्लास्टर वापरणाऱ्याला मात्र सर्व आवाज आधी प्रोसेसरकडून मिसळून घेऊन मग त्यांची एक रांग कार्डाकडे पाठवावी लागे. आपला पहिला आवाज तुटत होता त्याचे कारण हेच: दुसरा आवाज सुरू करताना आपण कार्डाला नवी रांग दिलीत आणि त्याने जुनी सोडून दिली.

आता ती रांग कार्डापर्यंत कशी पोहोचते ते पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. प्रोसेसर एका बफरमध्ये सॅम्पल, म्हणजे ध्वनीच्या लाटेची क्षणोक्षणीची उंची सांगणारे आकडे, लिहून ठेवतो. तिथून डीएमए कंट्रोलर (प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतला डेटा हलवणारी चिप) ते एकेक करून कार्डाला देतो आणि त्या काळात प्रोसेसर खेळाचे काम करायला मोकळा असतो. ठरलेल्या संख्येइतके सॅम्पल वाजले की कार्ड इंटरप्ट देते. पहिल्या साउंड ब्लास्टरवर प्रत्येक तुकडा संपल्यावर १४ हेक्स (सोळाच्या पायावर लिहिलेला आकडा) ही आज्ञा पुन्हा देऊन पुढचा तुकडा सुरू करावा लागे, आणि त्या दोन तुकड्यांमधल्या क्षणात बारीकशी टिक ऐकू येई. कार्डावरच्या डीएसपी या आज्ञा घेणाऱ्या चिपच्या २.०० आवृत्तीपासून १सी हेक्स ही आज्ञा आली, जिला ऑटो-इनिशिअलाइज म्हणतात. तिच्यात डीएमए कंट्रोलर बफरच्या शेवटी पोहोचला की आपोआप आरंभाकडे वळतो. कार्डाला तुकड्याची लांबी म्हणून बफरच्या निम्मी लांबी सांगायची, म्हणजे प्रत्येक अर्ध्या बफरनंतर इंटरप्ट येतो. कार्ड एक अर्धा भाग वाजवत असताना आपण दुसरा भरायचा. आपल्या लायब्ररीत हे असेच आहे का, हे सर्वांत आधी पाहा. ती जुन्या पद्धतीने तुकडे जोडत असेल तर तेवढा भाग बदलणे योग्य ठरेल.

अर्ध्या बफरची लांबी किती ठेवावी, यावर लोक फार घासाघीस करतात. दर सेकंदाला २२,०५० सॅम्पल आणि अर्धा बफर २५६ सॅम्पलांचा धरला तर सेकंदाला सुमारे ८६ इंटरप्ट येतात आणि प्रत्येक अर्धा भाग ११.६ मिलिसेकंद पुरतो. म्हणजे बटण दाबल्यापासून आवाज सुरू होईपर्यंत साधारण तेवढाच ते त्याच्या दुप्पट वेळ जातो. व्हीजीएच्या ७० हर्ट्झ पडद्यावर एक चित्र १४ मिलिसेकंद टिकते हे लक्षात घेतले, तर एवढा उशीर खेळणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. बफर १२८ पर्यंत खाली आणल्याने कानाला फरक पडत नाही, इंटरप्टची संख्या मात्र दुप्पट होते. मी बहुतेक ठिकाणी २५६ किंवा ५१२ वरच थांबतो.

आता बेरीज. आठ-बिट सॅम्पल शून्य ते २५५ या आकड्यांत असतात आणि शांतता म्हणजे शून्य नव्हे, १२८. त्यामुळे प्रत्येक सॅम्पलमधून १२८ वजा करून, त्याला आवाजाच्या पातळीने गुणून, सर्व चॅनेलांची (एकत्र वाजणाऱ्या प्रत्येक आवाजाला एक चॅनेल) बेरीज पूर्णांकांच्या एका वेगळ्या १६-बिट बफरमध्ये करायची. गुणाकार ३८६ आणि ४८६ वर महाग पडतो, म्हणून जुन्या लायब्ररींत त्याऐवजी तक्ता असतो: पातळीच्या ६४ पायऱ्या आणि सॅम्पलच्या २५६ किमती, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट. हा तक्ता रिअल मोडच्या (डॉसच्या मूळ १६-बिट पद्धतीच्या) एका सेगमेंटात, म्हणजे ६४ किलोबाइटच्या भागात, मावतो. ४८६ मधला कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) फक्त आठ किलोबाइटचा असला तरी तक्ता अडचणीचा ठरत नाही, कारण एका चॅनेलची पातळी स्थिर असताना त्यातली ५१२ बाइटांची एकच ओळ वापरात असते. म्हणूनच आतला लूप सॅम्पलवर आणि बाहेरचा चॅनेलवर असावा. उलट रचनेत प्रत्येक सॅम्पलला नव्या ओळीवर उडी पडते.

हे सगळे यंत्राला झेपते का? आठ आवाज आणि २२,०५० ची गती धरली तर सेकंदाला १,७६,४०० बेरजा होतात. एका बेरजेमागे ३० क्लॉक धरले तरी ६६ मेगाहर्ट्झच्या ४८६ चा सुमारे आठ टक्के वेळ जातो. १६ मेगाहर्ट्झच्या ३८६ एसएक्सवर मात्र त्याच हिशेबाने एक तृतीयांश वेळ खर्च होतो आणि खेळाला तो जाणवतो. तिथे गती ११,०२५ वर आणा किंवा चॅनेल चारच ठेवा.

आता आपल्या पहिल्या तक्रारीकडे येतो, आणि इथे थोडा वेळ थांबणार आहे. आठ-बिट सॅम्पल १२८ वजा केल्यावर उणे १२८ ते १२७ या पट्ट्यात असतो. असे आठ एकत्र केले की बेरीज उणे १,०२४ ते १,०१६ पर्यंत जाऊ शकते, पण कार्डाला द्यायचा आकडा पुन्हा आठ बिटांतच बसवायचा असतो. अगदी सरळ उपाय म्हणजे आठने भागणे. त्याने आवाज कधीच फाटत नाही, परंतु प्रत्येक आवाजाचे तीन बिट कायमचे जातात. खेळात पुष्कळदा एकच आवाज वाजत असतो, आणि तेव्हा तो पाच बिटांचा, खरखरीत आणि क्षीण ऐकू येतो. दुसरे टोक म्हणजे अजिबात न भागता पट्ट्याबाहेर गेलेली बेरीज टोकाला छाटणे. त्यात एकटा आवाज भरघोस येतो, पण तीन-चार मोठे आवाज एकत्र आले की लाटांची शिखरे सपाट होतात आणि कानाला ते फाटल्यासारखे लागते. तिसरी गोष्ट उपाय नसून चूक आहे, ती म्हणजे न भागणे आणि न छाटणे. तेव्हा १३० हा आकडा आठ बिटांत गुंडाळला जाऊन उणे १२६ होतो आणि शिखराच्या जागी एकदम दरी येते. त्याचा आवाज कडकड असा असतो, नुसता फाटलेला नसतो. आपल्याला नेमके काय ऐकू येते हे कान देऊन ठरवा. कडकड असेल तर छाटण्याच्या कोडमध्ये दोष आहे.

योग्य जागा या दोन टोकांच्या मध्ये आहे आणि ती अंदाजाने शोधायची नाही. एकमेकांशी संबंध नसलेले आठ आवाज एकत्र आले तर त्यांची शिखरे एकाच क्षणी येत नाहीत. बेरजेचा जोर सरासरीने आठपट न वाढता आठच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे २.८ पट वाढतो. म्हणून आठ चॅनेलसाठी तीनने भागावे आणि उरलेसुरले छाटावे, ही चांगली सुरुवात आहे. भागणे आणि छाटणे दोन्ही एकाच तक्त्यात मावतात: २,०४८ जागांचा तक्ता, बेरजेत १,०२४ मिळवून त्यात पाहायचे आणि मिळालेला बाइट थेट बफरमध्ये टाकायचा. प्रत्येक सॅम्पलमागे दोन तुलना वाचतात आणि भागाकार फुकटात होतो. शिवाय तीनऐवजी अडीच किंवा चार करून पाहायचे असेल तर कोडला हात लावावा लागत नाही, फक्त तक्ता नव्याने भरायचा.

आपल्याकडे साउंड ब्लास्टर १६ असेल तर हा प्रश्न पुष्कळच सौम्य होतो. आठ आवाजांची बेरीज ११ बिटांची आहे. तिला ३२ ने गुणले तर ती उणे ३२,७६८ ते ३२,५१२ या पट्ट्यात बसते, म्हणजे काहीही न गमावता आणि काहीही न छाटता १६-बिट आउटपुटमध्ये मावते. एकटा आवाज मात्र तेव्हा पूर्ण पातळीच्या एक अष्टमांश इतकाच असतो, म्हणून मी ३२ ऐवजी ८० किंवा ९६ ने गुणून छाटतो.

वर वर्गमुळाचा जो आधार घेतला तो आवाज एकमेकांहून वेगळे असतील तरच लागू पडतो, आणि आपल्या स्फोटांचे दुखणे बहुधा इथेच आहे. पडद्यावरच्या एकाच चित्रात चार शत्रू मेले आणि आपण तोच स्फोट चार चॅनेलांवर एकाच क्षणी सुरू केला, तर चारही लाटा तंतोतंत जुळतात आणि शिखर खरोखर चौपट होते. कानाला त्यातून चार स्फोट ऐकू येत नाहीत. एकच फाटलेला स्फोट ऐकू येतो. यावर उपाय खेळाच्या बाजूने करायचा असतो: तोच आवाज मागच्या ३० मिलिसेकंदांत सुरू झाला असेल तर दुसरी प्रत सुरूच करू नये, किंवा जुनी थांबवून नवी लावावी. डूम या खेळाचा जो सोर्स आयडी सॉफ्टवेअरने १९९७ च्या डिसेंबरमध्ये खुला केला, त्यातला लिनक्ससाठीचा मिक्सर आपण अवश्य वाचा. त्यात आठ चॅनेल आहेत, ११,०२५ ची गती आहे, ५१२ सॅम्पलांचा तुकडा आहे आणि पातळीचा तक्ता आहे. बेरीज चॅनेलांच्या संख्येने भागलेली नाही, ३२,७६७ च्या वर गेली की छाटली आहे. आणि करवतीचे आवाज, पिस्तुलाचा बार असे काही आवाज एका वेळी एकदाच वाजावेत म्हणून नवी प्रत सुरू करताना जुनी बंद केली आहे. आठही चॅनेल भरले असतील तर सर्वांत आधी सुरू झालेला आवाज काढून त्याची जागा नव्याला दिली आहे. थोड्या ओळींत लिहिलेला याहून उपयुक्त नमुना मला माहीत नाही.

त्याच सोर्सच्या निमित्ताने परवान्याबद्दलही सांगायला हवे. डूमची मूळ डॉस आवृत्ती खुली करता आली नाही, कारण तिच्यात डीएमएक्स नावाची दुसऱ्याच्या मालकीची ध्वनी लायब्ररी होती; म्हणून लिनक्सची आवृत्ती द्यावी लागली, आणि जॉन कारमॅक यांनी सोर्ससोबतच्या टिपणात ती लायब्ररी वापरल्याबद्दल खेद नोंदवला आहे. एवढ्या गाजलेल्या खेळाच्या वाटेत एक ध्वनी लायब्ररी आडवी आली. मोफत हा शब्द त्या काळात अनेक अर्थांनी वापरला जाई: कुठे फक्त बिगर-व्यावसायिक वापराला मुभा असे, कुठे नामोल्लेखाची अट असे, कुठे तयार लायब्ररी दिली जाई पण सोर्स मिळत नसे. आपला खेळ पुढे कधी सोर्ससह द्यायची इच्छा असेल तर लायब्ररीसोबतचे टिपण आजच वाचून ठेवा.

आता दुसरी तक्रार, यंत्र गोठणे. ऑटो-इनिशिअलाइज पद्धतीत कार्ड आपणहून थांबत नाही. आपला प्रोग्राम संपला, डॉसने त्याची मेमरी दुसऱ्याला दिली, तरी डीएमए चालूच राहतो आणि सेकंदाला ८६ वेळा इंटरप्ट येतच राहतो. इंटरप्ट व्हेक्टर (इंटरप्ट आल्यावर कोणते फंक्शन चालवायचे त्याच्या पत्त्याची नोंद) अजून आपल्या जुन्या फंक्शनच्या पत्त्याकडे बोट दाखवत असतो आणि त्या पत्त्यावर आता भलतेच काही असते. त्यामुळे बाहेर पडताना क्रमाने चार गोष्टी झाल्या पाहिजेत: डीएमए चॅनेल मास्क करणे (बंद ठेवणे), कार्डाचा डीएसपी रिसेट करणे, इंटरप्ट कंट्रोलरचा मास्क होता तसा करणे, आणि मग जुना व्हेक्टर परत बसवणे. हे काम लायब्ररीचे फंक्शन करत असेल, पण ते प्रत्येक वाटेने बाहेर पडताना चालते का? सी भाषेच्या एटएक्झिट या फंक्शनने नोंदवलेली फंक्शने नेहमीच्या मार्गाने बाहेर पडताना चालतात. कंट्रोल-सी दाबल्यावर किंवा फ्लॉपी नसताना येणाऱ्या प्रश्नाला अबॉर्ट असे उत्तर दिल्यावर डॉस प्रोग्राम सरळ संपवतो आणि ती चालत नाहीत. टर्बो सीमध्ये सीटीआरएलबीआरके आणि हार्डएर ही दोन फंक्शने यासाठीच दिलेली आहेत. टर्बो पास्कलमध्ये हेच काम एक्झिटप्रॉक या साखळीत करतात. आपले यंत्र कधी कधीच गोठते म्हणता, तेव्हा मेन्यूतून बाहेर पडल्यावर आणि कंट्रोल-सीने बाहेर पडल्यावर काय होते, हे आधी वेगवेगळे तपासा.

खेळ चालू असतानाच यंत्र गोठत असेल तर इंटरप्टच्या फंक्शनकडे पाहावे लागेल. ते फंक्शन कोणत्याही क्षणी येते, अगदी डॉस फाइल वाचत असतानाही, आणि डॉस स्वतः पुनःप्रवेशी नाही, म्हणजे त्याचे एक काम अर्धवट असताना त्याला दुसरे सांगता येत नाही. म्हणून त्यात प्रिंटएफ, मॅलॉक, फाइल उघडणे यांपैकी काहीही चालत नाही. फ्लोटिंग पॉइंट गणितही नको, कारण कोप्रोसेसरची अवस्था कोणी जपलेली नसते. ते ज्या स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या डेटाच्या जागेवर) चालते तो स्टॅक आपलाच असेल याची खात्री नसते. डॉसचा छोटा स्टॅकही असू शकतो. त्यामुळे बेरजेचा बफर स्थानिक व्हेरिएबल म्हणून ठेवणे हा यंत्र पाडण्याचा हमखास मार्ग आहे. तो ग्लोबल असावा आणि त्या फाइलसाठी स्टॅक तपासणीचा पर्याय बंद असावा. आणखी एक बारकावा पुष्कळांना माहीत नसतो: टर्बो सीमध्ये फंक्शनला इंटरप्ट हा शब्द लावला की कंपायलर १६-बिट रजिस्टर जपतो, पण आपण आत असेंब्लीत ३८६ ची ३२-बिट रजिस्टर वापरली तर त्यांचा वरचा अर्धा भाग आपणच जपावा लागतो. तसे न केल्यास बिघाड आवाजात दिसत नाही. तो खेळाच्या चित्रात किंवा गणितात दिसतो, तोही क्वचित. विद्यार्थिदशेत माझ्या एका प्रोग्राममध्ये पडद्यावर दिवसातून एखादी आडवी रेघ उमटत असे. चित्र काढणाऱ्या कोडमध्ये मी तीन आठवडे शोध घेतला आणि चूक अखेर मिक्सरमध्ये सापडली.

याच जातीची दुसरी चूक आवाज सुरू करणाऱ्या फंक्शनमध्ये असते. रिअल मोडमध्ये ‘फार पॉइंटर’ (सेगमेंट आणि त्यातली जागा अशा दोन भागांचा पत्ता) दोन वेगवेगळ्या लेखनांत भरला जातो. पहिला भाग लिहून झाला आणि दुसरा लिहिण्याआधी इंटरप्ट आला, तर मिक्सर अर्धवट पत्त्यावरून कचरा वाजवतो. पत्ता, लांबी आणि पातळी आधी भरून चॅनेल चालू असल्याचा झेंडा सर्वांत शेवटी लावला, तो झेंडा व्होलाटाइल (कंपायलरने दर वेळी मेमरीतूनच वाचावा असा) ठेवला आणि चालू चॅनेलची माहिती बदलण्यापूर्वी तो उतरवला की हा धोका टळतो.

इंटरप्टची पोचही विसरून चालत नाही. कार्डाच्या मूळ पत्त्यात १४ मिळवून येणारा पोर्ट वाचला की आठ-बिट इंटरप्टची पोच होते, १६-बिटसाठी १५ मिळवून येणारा पोर्ट वाचावा लागतो. त्यानंतर इंटरप्ट कंट्रोलरला २० हेक्स पाठवायचे, आणि इंटरप्ट क्रमांक आठ किंवा त्याहून वरचा असेल तर दुसऱ्या कंट्रोलरलाही. सातव्या क्रमांकावर आणखी काळजी घ्यावी लागते, कारण कंट्रोलर कधी कधी कोणी न मागताही सातवा इंटरप्ट देतो. तो खरोखर कार्डाकडून आला का हे तपासल्याशिवाय बफर भरायला घेतला तर दोन अर्ध्या भागांची अदलाबदल होते आणि तिथून पुढे सगळा आवाज चिरकत राहतो. डॉसबॉक्समध्ये कार्डाचा इंटरप्ट मुळात सातवाच असतो, तर खऱ्या साउंड ब्लास्टर १६ वर तो सहसा पाचवा असतो. म्हणून कोडमध्ये क्रमांक ठोकून न बसवता ब्लास्टर या पर्यावरणीय व्हेरिएबलमधून घ्यावा. त्यात ए नंतर पत्ता, आय नंतर इंटरप्ट, डी नंतर आठ-बिट डीएमए आणि एच नंतर १६-बिट डीएमए दिलेला असतो. टी नंतरच्या कार्डप्रकारावर मात्र विसंबू नका, डीएसपीला ई१ हेक्स आज्ञा देऊन आवृत्ती विचारा. शंभर टक्के सुसंगत म्हणून विकली जाणारी कितीतरी कार्डे केवळ साउंड ब्लास्टर प्रोशी सुसंगत होती आणि १६-बिट आज्ञांना मुळीच प्रतिसाद देत नसत. आवृत्ती ४ किंवा वरची आली तरच १६-बिट मार्ग धरावा.

बफरच्या जागेचा नियम पाळला आहे का, तेही पाहून घ्या. आठ-बिट डीएमए ६४ किलोबाइटच्या भौतिक सीमा ओलांडू शकत नाही. सीमेवर तो पुढे न जाता त्याच ६४ किलोबाइटच्या आरंभी परततो आणि तिथे जे असेल ते वाजवतो. साधा उपाय म्हणजे हव्या त्या आकाराच्या दुप्पट मेमरी घ्यायची आणि ज्या अर्ध्या भागात सीमा येत नाही तो वापरायचा. हा दोष मोठा फसवा आहे, कारण प्रोग्राममध्ये एखादी ओळ वाढवली की बफर सरकतो आणि दोष नाहीसा होतो किंवा उगवतो.

बाकीच्या दोन-तीन गोष्टी थोडक्यात. जुन्या कार्डांवर गती ४० हेक्स आज्ञेने द्यावी लागते आणि ती २५६ मधून दहा लाख भागिले गती वजा करून मिळते. २२,०५० साठी २११ येतात आणि प्रत्यक्ष गती २२,२२२ होते. सुरांत हा फरक जाणवत नाही, पण आवाजाच्या आधारे वेळ मोजत असाल तर खरी गती वापरा. प्रत्येक आवाजाच्या आरंभी टिक येत असेल, तर वेव्ह फाइलचा ४४ बाइटांचा मथळाच सॅम्पल समजून वाजवला जात आहे का ते पाहा. पार्श्वसंगीत ध्वनिमुद्रित ठेवण्याचा मोह टाळा: एक मिनिटाला २२,०५० च्या गतीने तेरा लाख बाइट लागतात आणि रिअल मोडमध्ये सगळे मिळून ६४० किलोबाइट असतात. त्यापेक्षा मॉड्यूल संगीत (छोटे ध्वनिनमुने आणि सुरांची यादी यांतून वाजणारे) घ्या किंवा संगीत एफएम चिपकडे सोपवा. एफएमचे सूर कार्डावरच मिसळले जातात आणि आठही चॅनेल खेळासाठी उरतात.

लायब्ररी बदलायचीच झाली तर माझा सल्ला कंपायलरवर अवलंबून राहील. टर्बो सी किंवा टर्बो पास्कलमध्ये राहायचे असेल तर आपल्याकडची छोटी, सोर्ससह आलेली लायब्ररीच पुरेशी आहे. डीजेजीपीपीकडे (डॉससाठीचा ३२-बिट मोफत कंपायलर) वळणार असाल तर शॉन हारग्रीव्ह्स यांनी सुरू केलेली अ‍ॅलेग्रो घ्या. तिचा परवाना अतिशय उदार आहे आणि चित्र, कीबोर्ड, आवाज हे सगळे एकत्र मिळते. मात्र तिथे गरजेपेक्षा जास्त चॅनेल राखून ठेवू नका, कारण जुन्या आवृत्त्यांत राखलेल्या चॅनेलांच्या संख्येनुसार प्रत्येक आवाजाची पातळी खाली येते. मॉड्यूल संगीत हाच खेळाचा प्राण असेल तर मिकमॉड, किंवा फिनलंडच्या डेमो मंडळींकडून आलेली मिडास. मिडास ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड सापडले तर मिसळण्याचे काम कार्डावरच सोपवते, पण तिचा मोफत वापर बिगर-व्यावसायिक कामापुरता आहे. डीजेजीपीपीसारख्या कंपायलरबरोबर ३२-बिट संरक्षित मोडमध्ये गेल्यावर एक नवी जबाबदारी येते: इंटरप्टचे फंक्शन आणि त्याचा सगळा डेटा डीपीएमआयच्या (संरक्षित मोडमधल्या प्रोग्रामना मेमरी व इंटरप्टच्या सेवा देणारी व्यवस्था) मदतीने मेमरीत लॉक करावा लागतो, नाहीतर तो डिस्कवर गेलेला असताना इंटरप्ट येतो आणि प्रोग्राम कोसळतो. आवाजाच्या सॅम्पलही लॉक केल्या पाहिजेत, हे नवखा माणूस हमखास विसरतो.

आपण आज बसाल तेव्हा प्रथम छाटण्याचा तक्ता शोधा आणि भाजक तीन करून पाहा, मग एकाच आवाजाच्या प्रतींवर ३० मिलिसेकंदांची मर्यादा घाला. त्यानंतर कंट्रोल-सीची चाचणी घ्या. आणि खऱ्या ४८६ वर एक जुनी युक्ती करून बघा: इंटरप्टच्या फंक्शनच्या आरंभी पडद्याच्या कडेचा रंग लाल करा आणि शेवटी पुन्हा काळा. कडेला दिसणाऱ्या लाल पट्टीची उंची म्हणजे मिक्सरला लागणारा वेळ. आठही आवाज चालू असताना ती पट्टी पडद्याच्या दहाव्या भागाहून मोठी दिसली तर आतला लूप असेंब्लीत लिहायला घ्या. तेवढी नसेल तर तो आहे तसाच राहू द्या.